काउंटी कॉलेजमधून ट्रान्सफर, आणि फायनान्शियल एड परत पहिल्यापासून?

जर्सीवाली
जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मुलगा न्यू जर्सीत काउंटी कॉलेजला (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) दुसऱ्या वर्षाला आहे. मे मध्ये असोसिएट्स (दोन वर्षांची डिग्री) होईल, ६० क्रेडिट्स पूर्ण, आणि फॉलपासून चार वर्षांच्या कॉलेजात ज्युनियर म्हणून, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, जायचंय. रटगर्स, राज्यातलंच अजून एक पब्लिक आणि पेनसिल्व्हेनियातलं एक प्रायव्हेट असे अर्ज गेलेत, उत्तर कुठूनच नाही अजून. आत्तापर्यंत घरूनच जाऊन येऊन करत होता, फी आम्ही हप्त्याहप्त्याने भरली, फॅफ्सा (फेडरल मदतीचा अर्ज) भरायचो पण हाती काही लागायचं नाही म्हणून आम्हीही तो विषय कधी डोक्यात घेतला नाही.

आता गाडी वेगळ्या रुळावर आहे. नवऱ्याची नोकरी ऑगस्टमध्ये गेली, अजून शोध चालूच आहे. २०२४ च्या टॅक्समध्ये आमच्या दोघांचं मिळून १,४२,००० डॉलर दिसतंय, आणि आज घरात येतो तो फक्त माझा पगार, ५६,००० च्या आसपास. नवीन फॅफ्सा २०२४ चाच टॅक्स मागतोय!! म्हणजे आम्ही आहोत एक आणि कागदावर दिसतो भलतेच.

मुलगा इथेच जन्मलेला, सिटिझन. आम्ही दोघं ग्रीन कार्डवर.

तर विचारायचं असं की ट्रान्सफर म्हणजे सगळं नव्याने भरायचं का, ॲडमिशनचं उत्तर येईपर्यंत थांबलेलं चालतं का, नोकरी गेल्याचं फॉर्ममध्ये लिहायचं कुठे (मला तरी रकाना सापडला नाही), आणि पुण्यात एक वन बीएचके आहे भाड्याने दिलेला, तो दाखवायचा का. ओळखीतल्या एकांनी "भारतातलं काही दाखवायचं नसतं" असं छातीठोक सांगितलंय पण माझा जीव धजत नाहीये.

---

खडूस_काका

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्या लोकांना फॅफ्सातून काही मिळत नाही. आमच्या दोन्ही पोरांच्या वेळी भरला, दरवर्षी तेच, लोन घ्या म्हणून सांगतात. ते सोडून मुलाला मेरिट स्कॉलरशिपच्या मागे लावा. आणि ॲडमिशन मिळाल्याशिवाय कशाला उगाच तीन तीन कॉलेजांना आपला सगळा हिशेब पाठवायचा? जिथे मिळेल तिथला कोड टाका आणि मोकळे व्हा.

---

एडवाली_मावशी

खडूस काका, तुमच्या दुसऱ्या सल्ल्याला माझा सपशेल विरोध 🙂 पहिल्याकडे नंतर येते.

मी एका कॉलेजच्या एड ऑफिसात काम करते (कुठल्या ते राहू दे) आणि ट्रान्सफरवाल्यांचा सगळ्यात मोठा तोटा ह्या थांबण्यातच होतो. ॲडमिशन आणि एड ह्या दोन वेगळ्या रांगा आहेत, दोन्हीत एकदमच उभं राहायचं असतं. कॉलेजचे स्वतःचे ग्रँटचे पैसे आणि वर्कस्टडी (शिकता शिकता करायचं अर्धवेळ काम) हे मोजकेच असतात, जो आधी आला त्याला आधी. ट्रान्सफरचं ॲडमिशनचं उत्तर बऱ्याचदा एप्रिल-मे उजाडेपर्यंत येत नाही, तोवर फ्रेशमनवाल्यांना (पहिल्या वर्षाला येणाऱ्यांना) वाटून झालेलं असतं. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर "ट्रान्सफर" असं वेगळं पान असतं, तिथली प्रायॉरिटी डेट बघा, फ्रेशमनची डेट बघून चालत नाही.

आता जर्सीवाली ताईंचे प्रश्न.

मुलगा फॉल २०२६ ला जाणार म्हणजे २०२६-२७ चा फॅफ्सा लागणार. तो ट्रान्सफर असो नसो दरवर्षी नवाच असतो, त्यामुळे त्यात वेगळं काही नाही. त्याच्या स्टुडंटएड डॉट गव्हच्या जुन्याच अकाउंटने लॉगिन करायचं, नवीन अकाउंट काढू नका, दोन झाली की निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. तिन्ही कॉलेजांचे कोड आत्ताच टाका, ऑनलाइन फॉर्ममध्ये २० पर्यंत टाकता येतात, आणि कुठल्या कॉलेजला दुसरी कुठली नावं टाकलीत ते दिसत नाही. तुम्ही दोघं जॉइंट टॅक्स भरत असाल तर आईवडलांपैकी एकच जण काँट्रिब्युटर (फॉर्ममध्ये आपली माहिती देणारा) लागतो, पण त्याने टॅक्सची माहिती घ्यायला कन्सेंट दिलाच पाहिजे, नाही दिला तर एसएआय (घरच्या कुवतीचा आकडा, ज्यावरून मदत ठरते) निघतच नाही.

एका प्रश्नावर पोरं हमखास अडखळतात. "पहिली बॅचलर्स डिग्री मिळालेली असेल का" असं विचारतात. असोसिएट्स हातात येणार म्हणून पोरगं "हो" वर टिचकी मारून मोकळं होतं, आणि पेल ग्रँट (कमी उत्पन्नवाल्यांची फेडरल ग्रँट) तिथल्या तिथे बाद. असोसिएट्स म्हणजे बॅचलर्स नव्हे, उत्तर "नाही".

डोक्यात पक्की बसवायची गोष्ट म्हणजे काउंटी कॉलेजात जे काही मिळत होतं किंवा नव्हतं, त्यातलं काहीही मुलाबरोबर चालत पुढे येत नाही. नवं कॉलेज आपला खर्च, आपले नियम, आपले पैसे ह्यावरून नवं पॅकेज बनवतं. तुमच्या बाबतीत हे उलट चांगलंच आहे.

नोकरी गेल्याचा रकाना सापडला नाही कारण तो नाहीच आहे. फॅफ्सा २०२४ चाच आकडा घेणार, तो तसाच खरा भरायचा, स्वतःच्या मनाने कमी करायचा नाही. भरून झाला की प्रत्येक कॉलेजच्या एड ऑफिसला वेगळं लिहायचं, की परिस्थिती बदलली आहे, प्रोफेशनल जजमेंट करा. काही ठिकाणी त्याला स्पेशल सर्कमस्टन्सेस अपील म्हणतात, फॉर्मही असतो. नोकरी गेल्याचं पत्र, शेवटची पे स्टब, सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनीने दिलेली रक्कम) मिळाला असेल तर त्याचा कागद, अनएम्प्लॉयमेंटचं पत्र, आणि येत्या वर्षात घरात किती येईल त्याचा अंदाज, हे सगळं लागतं. ऑफिसर तुमचा उत्पन्नाचा आकडा बदलून एसएआय परत काढू शकतो. करेलच असं नाही, आणि त्याने नाही म्हटलं तर वर एज्युकेशन डिपार्टमेंटकडे दाद मागता येत नाही. पण एकाने नाही म्हटलं म्हणून दुसरा नाही म्हणेल असंही नाही, प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. म्हणून तिन्हीकडे मागायचं.

आणि हे फारसं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. मुलगा आत्ता स्प्रिंगला काउंटी कॉलेजातच आहे ना? तिथे चालू वर्षाचा २०२५-२६ चा फॅफ्सा लागू आहे, त्यात तर २०२३ चा टॅक्स आहे. तिथल्या ऑफिसलाही आजच लिहा. ह्या सेमिस्टरचं काही निघालं तर निघालं, शिवाय कागदपत्रांची फाइल एकदा तयार झाली की पुढच्या तिघांना तीच पाठवता येते.

पुण्याचा फ्लॅट. दाखवायचा. राहतं घर फॅफ्सात धरत नाहीत, ४०१के (निवृत्तीची बचत) धरत नाहीत, पण राहत्या घराखेरीज कुठलीही प्रॉपर्टी इन्व्हेस्टमेंटमध्ये येते, मग ती पुण्यात असो नाहीतर पिट्सबर्गात. आजची किंमत वजा त्यावरचं कर्ज, त्या दिवशीच्या दराने डॉलरमध्ये. एफडी, बँकेतली शिल्लक पण तसंच. छातीठोक सांगणाऱ्या गृहस्थांना म्हणावं फॉर्मच्या शेवटी सही कोणाची असते ते बघा.

---

जर्सीवाली

मावशी, तुमचे पाय धरावेसे वाटतायत!! स्प्रिंगचं तर डोक्यातच आलं नव्हतं. उद्या सकाळीच लिहायला लावते मुलाला.

प्रायव्हेटवाले वेगळं सीएसएस प्रोफाइल म्हणून काहीतरी मागतायत, ते पण भरायचं? पैसे पडतात म्हणे त्याला.

---

निळी_शाई

काकू मी स्वतः ट्रान्सफर होऊन आलेली विद्यार्थिनी आहे, त्यामुळे सीएसएसचं मी सांगते. हो भरावंच लागतं जर ते कॉलेज मागत असेल तर, कॉलेज बोर्डच्या साइटवर. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६, पण घरचं उत्पन्न १ लाखापर्यंत असेल तर फी माफ होते, आणि ते भरता भरताच आपोआप कळतं. फॅफ्सापेक्षा खूप खोलात जातात, राहत्या घराची किंमत पण विचारतात. पण त्यात परिस्थिती समजावून सांगायला जागा असते, तिथे काकांच्या नोकरीचं लिहा. आणि अजून एक म्हणजे घरात अजून कोणी कॉलेजात शिकत असेल तर फॅफ्सा आता त्याची सूट देत नाही, २०२४-२५ पासून बंद झाली ती, पण सीएसएसवाली बरीच कॉलेजं अजून विचारात घेतात.

मी मात्र जानेवारीत बदललं होतं, वर्षाच्या मध्ये, त्यामुळे माझी फरफट वेगळीच. तेव्हा नवा फॅफ्सा लागत नाही, त्याच वर्षाच्या फॉर्ममध्ये नव्या कॉलेजचा कोड घालायचा. पण माझ्या जुन्या कॉलेजने स्प्रिंगचं लोन रद्दच केलं नव्हतं, मी विथड्रॉ केल्याचं पत्र दिलं होतं तरी, आणि सिस्टिममध्ये ते तसंच दिसत असल्यामुळे नव्या कॉलेजला पैसे सोडता येईनात. इकडे फीची तारीख उलटून चाललेली आणि ही दोन ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवतायत. शेवटी जुन्या कॉलेजकडून "एड कॅन्सल केली" असं ईमेलवर लेखी घेतलं आणि ते इकडे फॉरवर्ड केलं तेव्हा कुठे हललं. एका वेळी एकाच कॉलेजातून पेल मिळतो, आणि लोनची वर्षाची मर्यादा दोन्ही कॉलेजं मिळून एकच असते, फॉलमध्ये वापरलं ते वजा होऊनच उरलेलं मिळतं. तुमचा मुलगा फॉलला जातोय ते बरंय, हा ताप नाही. फक्त हे सेमिस्टर पूर्ण करू दे त्याला. एड घेऊन ६० टक्के टर्म व्हायच्या आत सोडलं तर त्यातले पैसे परत जातात आणि बिल आपल्या नावावर येतं.

---

वऱ्हाडी_डॅलसकर

मधेच घुसतोय, माफी. माझी पुतणी एच-४ वर (एच-१ वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे, तिलाही पुढच्या वर्षी ट्रान्सफर व्हायचंय. तिला फॅफ्सा भरता येतो का?

---

एडवाली_मावशी

दादा, नाही. फेडरल मदतीसाठी सिटिझन, ग्रीन कार्ड किंवा रेफ्युजीसारखे काही मोजके स्टेटस लागतात, एच-४ त्यात बसत नाही. (उलट पोर सिटिझन आणि आईबाप एच-१ वर असतील तर पोराला मिळतं, आईबापाचं स्टेटस आड येत नाही. खूप जण घाबरून भरतच नाहीत.) पुतणीसाठी दोनच दारं. ज्या कॉलेजांचे स्वतःचे पैसे आहेत त्यांना विचारायचं, ती बहुधा सीएसएस मागतात आणि ते एच-४ वाल्यांना भरता येतं. आणि इनस्टेट फी लागेल का ते त्या राज्याच्या नियमात बघायचं. २१ कधी पूर्ण होतात तेही बघून ठेवा, तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) जावं लागेल आणि मग कॉलेज तिला इंटरनॅशनल म्हणूनच मोजेल. ह्यावर खरं तर वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

---

खडूस_काका

मावशींपुढे आपण काय बोलणार. पण माझा मुद्दा राहिलाच की, १,४२,००० वाल्याला फॅफ्साने काय मिळणार होतं?

---

एडवाली_मावशी

काका, अनसब्सिडाइज्ड लोन (शिकत असतानाही व्याज चढणारं फेडरल लोन) गरज बघून मिळत नाही, ते कोणालाही मिळतं, पण फॅफ्सा असल्याशिवाय नाही. कितीतरी कॉलेजं आपली मेरिट स्कॉलरशिप द्यायला पण "फॅफ्सा फाइलवर हवा" म्हणतात. आणि ह्या ताईंसारखी नोकरी मध्येच गेली तर प्रोफेशनल जजमेंट करायला आधी फॅफ्सा भरलेला असावा लागतो, त्याशिवाय ऑफिसर कशावर पेन चालवणार?

मेरिटचं म्हणाल तर ट्रान्सफरवाल्यांसाठी ती थोडी असते, मोठ्या स्कॉलरशिप बहुतेक फ्रेशमनसाठीच राखलेल्या. काउंटी कॉलेजातून येणाऱ्यांसाठी फाय थीटा कॅपाचं (दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या हुशार मुलांची संस्था) सभासदत्व असेल तर बरीच कॉलेजं त्यावर वेगळी स्कॉलरशिप देतात, मुलगा सभासद आहे का विचारा.

---

हिशेबी_माणूस

न्यू जर्सीचं कोणी बोललंच नाही म्हणून मी लिहितो, माझी मुलगी गेल्याच वर्षी ह्याच वाटेने गेली.

राज्याची ग्रँट टॅग, टॅग म्हणजे ट्यूशन एड ग्रँट, ही फक्त जर्सीतल्या कॉलेजात चालते. पेनसिल्व्हेनियाला गेलात की शून्य. तुलना करताना हे आधी धरा, नाहीतर प्रायव्हेटवाल्यांनी मोठ्ठा आकडा दाखवला की आपण भुलतो. फॅफ्सा भरल्यावर हेसाकडे, म्हणजे राज्याच्या एड ऑफिसकडे, एनजेफॅम्स नावाचं अकाउंट काढून राज्याचे वेगळे प्रश्न पूर्ण करावे लागतात आणि कॉलेज बदललं की तिथेही बदलावं लागतं. आधीच्या वर्षी टॅग मिळालेल्यांना १५ एप्रिल आणि बाकीच्यांना १५ सप्टेंबर अशी तारीख असते, पण तुम्ही तेवढं थांबूच नका.

पब्लिकमध्ये गेला तर गार्डन स्टेट गॅरंटी बघा, ती तिसऱ्या-चौथ्या वर्षासाठीच आहे म्हणजे ट्रान्सफरवाल्यांना अगदी नेमकी बसते. एजीआय (टॅक्समधलं समायोजित उत्पन्न) ६५,००० पर्यंत असेल तर टॅग, पेल वगैरे वजा जाऊन उरलेली ट्यूशन आणि फी माफ, आणि १ लाखापर्यंत काही प्रमाणात सवलत. तुमचा २०२४ चा आकडा १,४२,००० म्हणजे कागदावर तुम्ही बाहेर. कॉलेजने प्रोफेशनल जजमेंटने बदललेला आकडा राज्याच्या ग्रँटला लावतात का हे हेसाला वेगळं विचारा, कॉलेजच्या भरवशावर राहू नका, ते दोन वेगळे खिसे आहेत.

आता मला खरं तर वेगळंच सांगायचंय. एडच्या आधी क्रेडिट्सचं बघा. जर्सीत २००८ पासून राज्यभराचा ट्रान्सफर करार आहे, काउंटी कॉलेजची एए किंवा एएस डिग्री पूर्ण असेल तर राज्यातल्या पब्लिक कॉलेजात ६० च्या ६० धरायला लागतात. मुलाची एएएस (थेट नोकरीसाठीची डिग्री) असेल तर हा करार लागत नाही, ते तपासा. प्रायव्हेटला तर कसलंच बंधन नाही, त्यांनी ४५ धरले तर मुलगा ज्युनियर राहत नाही, सोफोमोर म्हणजे दुसऱ्या वर्षाचा होतो. मग फेडरल लोनची मर्यादा ७,५०० वरून ६,५०० वर येते, आणि वरून अजून एक सेमिस्टर शिकायचं, त्याचं राहणं-खाणं वेगळं. एक सेमिस्टर वाढलं तर वर्षाला मिळालेली ५,००० ची स्कॉलरशिप कुठल्या कुठे जाते. मी मुलीच्या वेळी एका कागदावर तीन रकाने केले होते, किती क्रेडिट धरले, किती सेमिस्टर उरली, आणि ग्रँट वजा जाता सेमिस्टरला खिशातून किती. लोन त्या वजाबाकीत धरायचं नाही, अवॉर्ड लेटरमध्ये ते ग्रँटच्या खालीच अशा थाटात छापतात जणू बक्षीसच आहे. तो कागद झाल्यावर कुठे जायचं ह्यावर घरात वाद झालाच नाही.

---

निळी_शाई

+१. आणि क्रेडिट "धरले" म्हणजे मेजरला (मुख्य विषयाला) धरले का ते विचारा!! माझे बरेचसे इलेक्टिव्ह म्हणून धरले, आकडा छान दिसला पण मेजरचे विषय परत करावेच लागले. लेखी इव्हॅल्युएशन मागा, डिपॉझिट भरायच्या आधी.

---

एडवाली_मावशी

हिशेबी दादांच्या प्रतिसादाला अनुमोदन, माझ्या खुर्चीतूनही तेच दिसतं.

लोनचं एक. पॅरेंट प्लसवर (आईवडलांच्या नावावरचं फेडरल लोन) विसंबून प्रायव्हेट घ्यायचा विचार असेल तर १ जुलै २०२६ पासून नव्याने घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० ची मर्यादा आलीय. आधी कॉलेजचा पूर्ण खर्च भागेल एवढं मिळायचं, ते दिवस गेले. घरात एकच पगार असताना मी तरी त्या वाटेला जाऊ नका म्हणेन.

---

जर्सीवाली

अपडेट: मुलाची डिग्री एएसच आहे, हुश्श. काउंटी कॉलेजच्या ऑफिसने दुसऱ्याच दिवशी फॉर्म पाठवला, स्प्रिंगसाठी बघतो म्हणाले. रटगर्सला मी माझ्या ईमेलवरून सगळे कागद जोडून पाठवले, त्याला काहीच उत्तर नाही. आणि नवऱ्याला सेव्हरन्स एकरकमी मिळाला होता, तो लिहिला तर आमचं उत्पन्न परत फुगलेलं दिसेल ना, मग काय करायचं?

---

एडवाली_मावशी

सेव्हरन्स लिहायचाच, कंपनीच्या पत्रात तो असतोच आणि आम्हाला दिसतो. पण पत्रात एक वेगळी ओळ घाला की ही रक्कम एकदाच मिळाली, अमुक महिन्यात, आणि त्यातून घरभाडं किंवा मॉर्गेज, हेल्थ इन्शुरन्स वगैरे इतकं गेलं, इतकं उरलं. कोब्रा (जुन्या नोकरीचा हेल्थ इन्शुरन्स स्वतः पैसे भरून चालू ठेवणं) भरत असाल तर त्याची पावती जोडा. दोन पानी कर्मकहाणी नको, अर्धं पान आणि आकडे, आमच्या टेबलावर त्याच फाइली पटकन हलतात.

रटगर्सचं म्हणाल तर ईमेल तुमच्या नावाने गेला ना? फर्पाच्या (विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवायचा कायदा) धास्तीने मुलाने परवानगी दिल्याशिवाय कॉलेज तुमच्याशी त्याच्या फाइलबद्दल बोलायला कचरतं, तो १८ च्या पुढचा आहे, फाइल त्याची. त्याच्या अर्जात दिलेल्या ईमेलवरून त्यालाच पाठवू दे, विषयात ॲप्लिकंट नंबर टाकून, आणि पोर्टल मिळालं असेल तर कागद तिथेच चढवू दे, ईमेलला जोडून सोशल सिक्युरिटी नंबरवाले कागद पाठवू नका. आधी पाठवलेल्यांवर तो नंबर होता का?